पित्ताशयातले खडे: तूप बंद केलं, पण साखर-मैद्याचं काय?

पापुद्रा

सोनोग्राफीच्या अहवालात पित्ताशयात खडा दिसला की घरात पहिली कुऱ्हाड तुपावर पडते. पाठोपाठ अंड्याचा बलक जातो, शेंगदाण्याचं कूट जातं, खोबरं जातं. त्यांच्या जागी 'पचायला हलकं' म्हणून मुरमुरे, टोस्ट, साबुदाण्याची पेज आणि साखर घातलेलं सरबत येतं. ज्याला आधीच दुखतंय त्याला तेलकट जेवण सोसत नाही, हे खरं. पण तो दुखण्याचा प्रश्न झाला. खडा मुळात का धरतो हा प्रश्न वेगळा आहे, आणि त्यात साखर-मैद्याकडे कुणी फारसं बघत नाही. म्हणून हा धागा.

आधी एक शब्द निस्तरून घेऊ. छातीत जळजळलं की आपण म्हणतो 'पित्त झालं', अंगावर गांधी आल्या की 'पित्त उठलं'. या दोन्हींचा खड्यांशी काही संबंध नाही. इथे पित्त म्हणजे यकृतात बनणारा पित्तरस. यकृत तो दिवसाला अर्धा ते एक लिटर बनवतं. पित्ताशयाची पिशवी जेमतेम ३० ते ५० मिलीची, म्हणून तिथे तो आटवून, दाट करून साठवला जातो.

कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. पित्तक्षार आणि लेसिथिन त्याला धरून ठेवतात. कोलेस्टेरॉल त्यांच्या आवाक्याबाहेर गेलं की स्फटिक सुटतात, पिशवीच्या अस्तरातून येणाऱ्या बुळबुळीत स्रावात अडकतात, त्याचा गाळ होतो, आणि पिशवी नीट पिळली गेली नाही तर गाळाचा खडा होतो. म्हणजे खडा धरायला पित्त कोलेस्टेरॉलने तुडुंब भरलेलं हवं आणि पिशवी आळशी हवी. कर्बोदकं या दोन्ही ठिकाणी हात मारतात.

इन्सुलिनला शरीर दाद देईनासं झालं की यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडू लागतं. यकृताच्या पेशीत एबीसीजी५ आणि एबीसीजी८ नावाची प्रथिनं हे कोलेस्टेरॉल पित्तात ढकलतात. इन्सुलिनचा लगाम सुटला की ती वाढतात, हे २००८ साली उंदरांवरच्या कामातून दिसलं. जादा साखरेची, विशेषतः फ्रुक्टोजची, यकृतात चरबी होते आणि रक्तात ट्रायग्लिसराइड ही चरबी चढते. ट्रायग्लिसराइड चढलेल्या माणसाचं पित्ताशय आकुंचनाच्या इशाऱ्याला मंद प्रतिसाद देतं. तो इशारा म्हणजे कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक. स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं लहान आतड्यात पोचली की ते सुटतं. नुसत्या चहा-टोस्टवर नावापुरतंच.

आता आकडे. अमेरिकेत १९८६ साली ४० ते ७५ वयाच्या पुरुष दंतवैद्य, पशुवैद्य, औषधविक्रेते वगैरेंचा अभ्यास सुरू झाला. त्यातल्या ४४,५२५ जणांचे १२ वर्षांचे निष्कर्ष २००५ मध्ये 'गट' (Gut) या वैद्यकीय नियतकालिकात आले. या काळात १,८१० जणांना त्रास देणारे खडे झाले. आहारात कर्बोदकं सर्वांत जास्त असलेल्या पाचव्या हिश्शाचा धोका सर्वांत कमी खाणाऱ्यांच्या १.५९ पट, आणि ग्लायसेमिक लोडने (कर्बोदकं किती आणि ती रक्तातली साखर किती चढवतात, याचं एकत्रित माप) मोजलं तर १.५ पट. त्याच वर्षी ७०,४०८ परिचारिकांच्या १६ वर्षांच्या अभ्यासात पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया मोजली. तिथे कर्बोदकांसाठी १.३५ पट आणि ग्लायसेमिक लोडसाठी पुन्हा १.५ पट.

रेषाखंड

धागा चांगला आहे, पण १.५९ वाचून कुणी ताटातली पोळी भिरकावण्याआधी तीन गोष्टी.

१,८१० भागिले ४४,५२५ म्हणजे १२ वर्षांत शंभरातले साधारण चौघे. सर्वांत खालच्या गटात समजा तिघांना त्रास झाला असेल, तर वरच्या गटात पावणेपाच. ५९ टक्के ऐकायला जेवढं भयंकर वाटतं तेवढं ते नाही.

दुसरं, अशा अभ्यासात एकूण उष्मांक सारखे धरून हिशोब करतात. कर्बोदकं जास्त याचा अर्थ तेवढ्याच उष्मांकांत स्निग्ध आणि प्रथिनं कमी. त्यामुळे दोष भाताचा की ताटातून हद्दपार झालेल्या डाळ-दाण्यांचा, हे या आकड्यावरून सुटं करता येत नाही. माझ्या मते ही बदलाबदलच खरी बातमी आहे.

तिसरं, मोजले ते त्रास देणारे खडे आणि शस्त्रक्रिया. मुकाट पडून राहिलेले खडे त्यात नाहीत. खडा होणं आणि खडा दुखणं या दोन घटना आहेत.

ताकभात

रेषाखंड यांच्या दुसऱ्या मुद्द्याला जोड. निरीक्षणावर विश्वास नसेल तर एक लहानसा प्रयोगही आहे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये थॉर्नटन, एमेट आणि हीटन यांनी खडे असलेल्या १३ जणांना सहा आठवडे साखर-मैद्याचा आणि सहा आठवडे बिनसडीच्या धान्याचा आहार दिला आणि पित्त तपासलं. १९८३ साली छापून आलं. कोलेस्टेरॉल संपृक्ततेचा निर्देशांक पहिल्या आहारावर १.५, दुसऱ्यावर १.२. एकच्या वर म्हणजे पित्तात मावत नाही इतकं कोलेस्टेरॉल. निर्देशांक घसरला, पण एकच्या खाली नाही आला, हेही नीट वाचा. तेरा माणसं म्हणजे फार नाहीत, पण माणसं तीच आणि आहार दोन, म्हणून वजनदार.

हे हीटन म्हणजे शौचाच्या सात प्रकारांचा तो प्रसिद्ध ब्रिस्टल तक्ता करणाऱ्यांपैकी एक. विषय अगदी तुटक नाही. मळ आतड्यात रेंगाळला की जिवाणू पित्तक्षारांपासून डीऑक्सिकोलिक आम्ल जास्त बनवतात, ते शोषलं जाऊन परत पित्तात येतं आणि पित्तातलं कोलेस्टेरॉल वाढवतं. कोंडा काढलेल्या पिठाचा हा दुसरा मार.

गाडीवाट

मग दक्षिणेचं काय? भातावर भात खाणारी माणसं, आणि खडे मात्र उत्तरेत जास्त. पश्चिम रेल्वेच्या वैद्यकीय खात्यातले मल्होत्रा यांनी १९६८ साली रेल्वे कामगारांचा अभ्यास 'गट'मध्येच छापला होता. उत्तर भारतीय कामगारांत खडे दक्षिणेतल्यांच्या सुमारे सात पट. कर्बोदकांचा सिद्धांत इथे गडगडतो की नाही?

पापुद्रा

@गाडीवाट, प्रश्न नेमका आहे. एक तर खड्याची जात बघायला हवी. उत्तरेत बहुतांश कोलेस्टेरॉलचे किंवा मिश्र, दक्षिणेत रंगद्रव्याच्या (बिलिरुबिनच्या) खड्यांचा वाटा मोठा. वरचं सगळं कोलेस्टेरॉलच्या खड्यांबद्दल आहे. दुसरं, १९६८ चा रेल्वे कामगार अंगमेहनतीचा आणि बारीक. स्नायू साखर जाळत असतील तर तोच भात इन्सुलिनला वेठीला धरत नाही. आज खुर्चीत बसून, पोटाचा घेर वाढवून तोच भात खाल्ला तर गणित बदलतं. आयसीएमआरच्या इंडियाब या मधुमेहावरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतीय माणसाचे सुमारे ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात, आणि त्यात पांढरा तांदूळ, दळलेला गहू, साखर यांचाच भरणा.

तरी भात हे एकमेव कारण असं मीही म्हणणार नाही. स्वीडनमधल्या जुळ्यांच्या मोठ्या अभ्यासात त्रास देणाऱ्या खड्यांचा साधारण पाव वाटा आनुवंशिक निघाला होता. शिवाय बाई असणं, गरोदरपण, वय.

सुईदोरा

रंगद्रव्याच्या खड्यांबद्दल एक भर, कारण महाराष्ट्रात ती फार कामाची आहे. नंदुरबार, गडचिरोली आणि एकूणच विदर्भाच्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. त्यात तांबड्या पेशी सतत फुटतात, बिलिरुबिन हे पिवळं रंगद्रव्य वाढतं आणि काळे खडे होतात, लहान मुलांतसुद्धा. थॅलेसेमियातही तेच. या रुग्णांना 'गोड कमी खा, खडे होणार नाहीत' असं सांगण्यात अर्थ नाही. कोवळ्या वयात, सडपातळ अंगात खडे दिसले तर आहाराची उलटतपासणी नंतर, आधी रक्ताची तपासणी.

मापटं

सगळे टक्केवारीत बोलताय, ताटात किती ते कुणी सांगत नाही. घ्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यानुसार, १०० ग्रॅम कोरड्या धान्यात कर्बोदकं आणि तंतू, आकडे गोळाबेरीज करून:

पांढरा तांदूळ ७८ आणि ३
मैदा ७४ आणि ३
गव्हाचं पीठ ६४ आणि ११
ज्वारी ६८ आणि १०
बाजरी ६२ आणि ११

म्हणजे भाकरी 'कर्बोदकं नसलेली' नव्हे. तिच्यात कर्बोदकं जवळपास तेवढीच, तंतू तिपटीहून जास्त.

आता घराघरांतला एक सरळ दिवस. सकाळी ६० ग्रॅम पोह्यांचे कांदेपोहे: ४६ ग्रॅम कर्बोदकं. दिवसभरात दोन-दोन चमचे साखरेचे तीन चहा: ३०. चहाबरोबर चार बिस्किटं: १८. दुपारी तीन पोळ्या, प्रत्येकी ३० ग्रॅम कणकेच्या: ५८. वाटीभर भात, म्हणजे ५० ग्रॅम तांदूळ: ३९. पातळ वरण: १६. रात्री दोन पोळ्या ३८, पुन्हा भात ३९, आमटी १६. एक केळं २५, दही १०. बेरीज ३३५ ग्रॅम. गुणिले चार, १,३४० किलोकॅलरी. दिवसाचे एकूण २,००० धरले तर ६७ टक्के. यात ना मिठाई, ना शीतपेय. गंमत म्हणजे हे घर स्वतःला 'साधं जेवणारं' म्हणवतं.

बदल असा. पोहे ३० ग्रॅम, वर मूठभर मटकीचे मोड आणि थोडे शेंगदाणे: पोह्यांचे २३. चहात एकच चमचा: १५. बिस्किटांऐवजी २८ ग्रॅम बदाम किंवा शेंगदाणे: ६. दुपारी प्रत्येकी ५० ग्रॅम पिठाच्या दोन ज्वारीच्या भाकरी, भात नाही: ६८. वरण दुप्पट आणि दाट: ३२. रात्री दोन पोळ्या ३८ आणि वाटीभर उसळ २४, भात नाही. केळ्याऐवजी पेरू १०, दही १०. बेरीज २२६, म्हणजे ९०४ किलोकॅलरी. एकूण १,८०० पैकी ५० टक्के. मटकीचे दोन-चार ग्रॅम इकडेतिकडे, मी सोडून दिलेत.

२८ ग्रॅम सुक्या मेव्याचा आकडा हवेतला नाही. त्याच अमेरिकी अभ्यासांत आठवड्यात पाच किंवा जास्त वेळा एवढे दाणे खाणाऱ्या पुरुषांत त्रासदायक खडे ३० टक्के कमी, आणि बायकांत शस्त्रक्रिया २५ टक्के कमी होत्या. आपले शेंगदाणेही चालतात, खारवलेले नकोत.

उंबरठा

वा, मापटं! पण मग सरळ कीटो (कर्बोदकं जवळपास बंद, स्निग्ध भरपूर) का करू नये? किंवा दिवसात १६ तास उपास? कर्बोदकं गेली, विषय संपला.

सुईदोरा

@उंबरठा, इथेच लोक खड्ड्यात पडतात.

वजन झपाट्याने उतरताना चरबीतलं कोलेस्टेरॉल सुटून यकृतामार्गे पित्तात येतं, आणि त्याच वेळी खाणं कमी झाल्याने पिशवी पिळली जात नाही. दोन्ही कारणं एकदम. आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वजन उतरलं की खड्यांचा धोका एकदम चढतो. दिवसाला ८०० किलोकॅलरीच्या आतल्या आहारावर काही आठवड्यांतच नवे खडे धरलेले दिसतात. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेनंतर तर अधिकच. १९९५ सालच्या एका चाचणीत जठराच्या बायपासनंतर सहा महिन्यांत नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी ३२ टक्के लोकांना खडे झाले, रोज ६०० मिलिग्रॅम अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल (पित्ताम्लाचं औषध) घेणाऱ्यांपैकी २ टक्क्यांना. म्हणून या आम्लाची गोळी डॉक्टर लिहून देतात तेव्हा 'अजून एक गोळी' म्हणून टाळू नये.

यातही स्निग्ध पदार्थ किती, हे महत्त्वाचं. इटलीत १९९८ साली लठ्ठ लोकांच्या दोन गटांना अतिकमी उष्मांकांचा आहार दिला. एकात दिवसाला ३ ग्रॅम स्निग्ध, दुसऱ्यात सुमारे १२. पहिल्या गटात ११ पैकी ६ जणांना खडे, दुसऱ्यात ११ पैकी एकालाही नाही. आकडा लहान, पण कारण सरळ आहे: पिशवी रोज पिळली गेली.

व्यवहारात: आठवड्याला अर्धा ते एक किलो, त्याहून घाई नको. दिवसात किमान एका जेवणात १० ग्रॅम स्निग्ध एकदम यावं. म्हणजे दोन चहाचे चमचे तेल किंवा तूप, किंवा पंचवीसेक ग्रॅम शेंगदाणे, किंवा दोन अंडी. चमचा-चमचा दिवसभर पसरून घेतलं तर तसं आकुंचन होत नाही. वरच्या ताटात मापटं यांनी दाणे टाकलेत, त्याचं हेही कारण.

कीटोबद्दल: ज्याला जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येते त्याने तो स्वतःच्या मनाने सुरू करूच नये. खडा आधीच आत आहे, आणि तुम्ही पिशवीला दिवसातून तीनदा जोरात पिळायला सांगताय. खडा पिशवीच्या तोंडाशी अडकला की कळ, पुढे नलिकेत सरकला तर कावीळ किंवा स्वादुपिंडाला सूज. लांब उपासाचंही तसंच, पित्त तितके तास साचून राहतं. अकरा-बारा तासांचं रात्रीचं अंतर ठीक, सोळाचा हट्ट कशाला?

कुळीथपिठी

कुळथाचं कढण आणि पाणफुटीची पानं कुणी सांगितली नाहीत अजून. आणि ते ऑलिव्ह तेल-लिंबाचं 'लिव्हर साफ'?

ताकभात

कढण आणि पाणफुटी लोक मूतखड्यासाठी घेतात. तो मूत्रपिंडात, बहुधा कॅल्शियम ऑक्झलेटचा, लघवीवाटे जाणारा. पित्ताशयाची वाट लघवीकडे जातच नाही. कढण चविष्ट असतं, डाळीचं म्हणून जरूर प्या, खड्यासाठी नव्हे.

ऑलिव्ह तेल आणि लिंबाच्या रसाने दुसऱ्या दिवशी हिरवट गोळ्या पडतात खऱ्या. २००५ साली 'लॅन्सेट'मध्ये अशा गोळ्यांची तपासणी आली होती. त्यात कोलेस्टेरॉल नव्हतंच. प्यालेल्या तेलाचा पोटात झालेला साबण निघाला. आणि एवढं तेल एकदम पिणं म्हणजे सुईदोरा यांनी सांगितलेली जोरात पिळण्याची गोष्ट, तीही खडा असताना.

रेषाखंड

आहार बदलून असलेला खडा विरघळतो का, हे कुणीतरी रोखठोक लिहा.

सुईदोरा

नाही. आहार नवीन खडे टाळायला. असलेला खडा भाकरीने विरघळत नाही.

गोळीने विरघळवायचा तर अटी कडक: खडा कोलेस्टेरॉलचा, कॅल्शियम न चढलेला, साधारण १ सेंमीच्या आतला (५ मिमीच्या आत असेल तर उत्तम), आणि पित्ताशय काम करणारं. मग किलोमागे रोज ८ ते १० मिलिग्रॅम अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल, सहा महिने ते दोन वर्षं. बंद केल्यावर पाच वर्षांत निम्म्या लोकांना परत खडे. म्हणून त्रास देणाऱ्या खड्यांना दुर्बिणीतून पित्ताशय काढणं हाच रुळलेला उपाय.

योगायोगाने सापडलेला, कधीच न दुखलेला खडा बहुतेकांत तसाच ठेवतात. वर्षाला शंभरातल्या एक-दोघांनाच त्रास सुरू होतो. अपवाद आहेत: तीन सेंमीपेक्षा मोठा खडा, भिंतीवर चुना चढलेलं पित्ताशय, वाढणारा पॉलिप (अस्तरावरचा कोंब), सिकलसेल. अशांनी शल्यविशारदाला दाखवावंच. उत्तर भारतात, विशेषतः गंगेच्या खोऱ्यात, पित्ताशयाचा कर्करोग जास्त आहे, त्यामुळे तिकडच्या रुग्णात निर्णयाचा काटा थोडा शस्त्रक्रियेकडे झुकतो.

सोनोग्राफीला सहा ते आठ तास उपाशीपोटी जा, चहासुद्धा दुधाचा नको. पिशवी आकसली तर लहान खडे नजरेतून सुटतात. आणि लक्षात ठेवा, सोनोग्राफी पिशवीतले खडे छान दाखवते, नलिकेतले मात्र बऱ्याचदा हुकतात. कळ पाच-सहा तासांत न थांबणं, ताप-थंडी, डोळे पिवळे होणं, लघवी गडद होणं: यातलं एकही असेल तर आहारावरचे धागे बंद करून रुग्णालयात जा. वयस्कर मधुमेही माणसात दुखणं कमी आणि आजार मोठा, असंही होतं.

उंबरठा

पटलं. शेवटचं: चातुर्मास येतोय. एकादशीला साबुदाणा की भगर?

मापटं

साबुदाणा म्हणजे जवळजवळ निखळ पिष्ट. १०० ग्रॅममध्ये ८५ च्या वर कर्बोदकं, प्रथिनं आणि तंतू नावाला. खिचडीत दाण्याचं कूट भरपूर असेल तर थोडी अब्रू राहते. साबुदाण्याची गोड खीर आणि वेफर्स हे मात्र वाईट जोडपं, त्यात दिवसभर नुसता गोड चहा. सकाळपासून पिशवी भरून बसलेली, आणि रात्री नऊला एकदम तळलेले वडे. उपासाच्या रात्री कळ का येते, याचं बऱ्याचदा हेच उत्तर असतं.

भगर-आमटी करा. माणशी ५० ग्रॅम भगर आणि ३० ग्रॅम शेंगदाण्याची आमटी. दाण्यांतून १२ ग्रॅमच्या आसपास स्निग्ध आणि सातेक ग्रॅम प्रथिनं मिळतात, म्हणजे सुईदोरा यांची १० ग्रॅमची अट एका वाटीत पुरी. ती दुपारी साडेबारा-एकलाच खा, संध्याकाळची वाट बघू नका. बटाट्याची भाजी दोन चमचेच, वर वाटीभर दही. ज्यांना आधीपासून कळ येते त्यांनी दाणे १० ग्रॅमवर आणावेत, आमटी ताकाने पातळ करावी आणि फोडणीला अर्धा चमचा तूप पुरे.